घराचे स्वयंचलन: रचना, बिघाड आणि सुधारणा

१. विषय आणि व्याख्या

गच्चीवरच्या टाकीत एक पोकळ बॉल तरंगत असतो. पाणी चढले की तो वर उचलला जातो आणि त्याला जोडलेली दांडी नळाचे तोंड दाबून धरते. पाणी उतरले की नळ मोकळा होतो. घरातले हे बहुधा सर्वांत जुने स्वयंचलित यंत्र. त्याला वीज लागत नाही, मोबाइल लागत नाही आणि ते वापरायला कोणाला शिकावे लागत नाही. तरीही स्वयंचलनाची तिन्ही अंगे त्यात पूर्ण आहेत: पातळी कळणे, नळ बंद करायचा की नाही हे ठरणे आणि तो प्रत्यक्ष बंद होणे. ही तिन्ही कामे एकाच जागी, एकाच वस्तूत होतात, ही त्याची खुबी पुढील विवेचनात वारंवार कामी येईल.

घरातली एखादी स्थिती जाणून, आधी ठरवलेल्या नियमानुसार, माणसाने दर वेळी आज्ञा न देता घडणारी क्रिया म्हणजे स्वयंचलन, अशी व्याख्या येथे गृहीत धरली आहे. या व्याख्येने क्षेत्र बरेच आटोपशीर होते. मोबाइलवरून दिवा लावणे स्वयंचलनात बसत नाही. तेथे बटण भिंतीवरून खिशात आले, एवढेच.

या लेखाचा सिद्धांत असा: घराच्या स्वयंचलनाची प्रत ते किती कामे करते यावरून न मोजता, ते बिघडल्यावर घर किती सुरळीत चालते यावरून मोजावी. रचना कशी करावी आणि सुधारणा कोठून सुरू करावी, ही दोन्ही उत्तरे या एका कसोटीतून मिळतात. उदाहरणांसाठी महाराष्ट्रातले साधे घर घेतले आहे: गच्चीवर टाकी, खाली मोटर, बाथरूममध्ये गिझर, प्रत्येक खोलीत छताचा पंखा आणि कधीतरी जाणारी वीज.

२. चार पायऱ्या

स्वयंचलनाच्या नावाखाली येणाऱ्या गोष्टी चार पायऱ्यांवर मांडता येतात. गिझरच्या उदाहरणाने त्या स्पष्ट होतील.

पहिली पायरी दूरनियंत्रणाची. घरी पोचण्याआधी वाटेतूनच मोबाइलवर गिझर चालू केला. निर्णय माणसाचाच राहिला, फक्त हात लांब झाला.

दुसरी पायरी वेळापत्रकाची. गिझर पहाटे साडेपाचला चालू, सहाला बंद. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवायला सुमारे ०.६१ युनिट वीज लागते आणि २ किलोवॅटचा गिझर हे काम साधारण १८ मिनिटांत करतो. म्हणून अर्धा तास पुरतो. मात्र वेळापत्रक आंधळे असते. घरातली सगळी माणसे गावाला गेली तरी पाणी रोज तापतच राहते.

तिसरी पायरी प्रतिसादाची: एखादी घटना घडली की क्रिया होते. पहाटे बाथरूमचे दार पहिल्यांदा उघडले की गिझर चालू.

चौथी पायरी प्रत्याभरणाची. येथे क्रियेचा परिणाम पुन्हा मोजला जातो आणि त्यावर पुढची क्रिया ठरते. गिझरच्या पोटातला थर्मोस्टॅट हेच करतो; टाकीतला बॉलही हेच करतो. गंमत अशी, की 'स्मार्ट' म्हणून विकत घेतलेल्या बऱ्याच वस्तू पहिल्या दोन पायऱ्यांवर थांबतात आणि बॉल मात्र कधीचाच चौथीवर जाऊन बसलेला आहे.

३. साखळीचा हिशोब

बॉलमध्ये जाणीव, निर्णय आणि क्रिया एकत्र आहेत. आधुनिक व्यवस्थेत ती वेगळी होतात आणि त्यांच्यामध्ये साखळी तयार होते. संवेदकाला हालचाल कळते, तो संदेश राउटरला देतो, राउटर तो इंटरनेटवर पाठवतो, दूरदेशीचा सर्व्हर निर्णय घेतो, निर्णय त्याच वाटेने परत येतो आणि रिले, म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच, दिवा लावतो.

अशा साखळीतली प्रत्येक कडी १०० पैकी ९९ वेळा काम करते असे धरू. पाच कड्या असतील तर संपूर्ण साखळी सुमारे ९५ वेळा चालेल. आठ असतील तर ९२ वेळा. जिन्यातला दिवा दिवसातून दहा वेळा लागत असेल, तर पाच कड्यांच्या व्यवस्थेत दर दोन दिवसांनी एकदा कोणीतरी अंधारात उभे राहणार. प्रत्येक वस्तू चांगली असूनही एकूण व्यवस्था वैताग का आणते, याचे उत्तर या गुणाकारात आहे.

दूरच्या सर्व्हरची कडी आणखी एका अर्थाने कच्ची असते: ती आपल्या मालकीची नसते. 'रिव्हॉल्व्ह' हे अमेरिकी नियंत्रक २०१४ मध्ये 'नेस्ट' कंपनीने विकत घेतले आणि २०१६ मध्ये त्याचा सर्व्हर बंद केला. विकत घेतलेल्या पेट्या तेथल्या तेथे निकामी झाल्या. 'लोज' कंपनीने आपली 'आयरिस' ही व्यवस्था २०१९ मध्ये गुंडाळली. 'इन्स्टिऑन'चे सर्व्हर एप्रिल २०२२ मध्ये एकाएकी गप्प झाले. तिन्ही ठिकाणी ग्राहकाच्या घरात काहीही बिघडले नव्हते. बिघाड निर्णयाच्या जागी होता आणि ती जागा घराबाहेर होती.

यावरून रचनेचा पहिला नियम निघतो: निर्णय क्रियेच्या जितका जवळ घेता येईल तितका जवळ घ्यावा. वस्तूच्या आत शक्य असेल तर आत. नाहीतर घरातल्या नियंत्रकात. इंटरनेटवर फक्त तेव्हाच, जेव्हा बाहेरची माहिती खरोखर लागते, उदाहरणार्थ हवामानाचा अंदाज.

४. संपर्काची माध्यमे

घरातल्या वस्तूंना एकमेकींशी बोलायला लावण्याचा पहिला व्यापक प्रयत्न १९७५ चा. स्कॉटलंडमधल्या पिको इलेक्ट्रॉनिक्स कंपनीने 'एक्स-१०' ही पद्धत काढली. संदेश घरातल्या विजेच्या तारांवरूनच १२० किलोहर्ट्झच्या लहरींनी जात. १६ गृहसंकेत आणि प्रत्येकी १६ उपकरणसंकेत, असे २५६ पत्ते त्यात होते. तिचा मुख्य दोष हा, की मूळ पद्धत एकतर्फी होती: आज्ञा गेली, पण दिवा लागला की नाही हे आज्ञा देणाऱ्याला कळत नसे. एसी चालवण्यासाठी आज आपण जो इन्फ्रारेड रिमोटचा डबा बसवतो, त्यात हाच दोष जसाच्या तसा आहे. कोणी हातातल्या रिमोटने एसी बंद केला, तरी डब्याच्या लेखी तो चालूच राहतो.

युरोपात याच्या उलट टोकाची 'केएनएक्स' पद्धत रुजली. तिच्यात वेगळी संदेशवाहिनी भिंतीतून ओढतात आणि नियम त्या त्या वस्तूतच साठवतात; मध्यवर्ती नियंत्रक लागतच नाही. बॉलच्या तत्त्वाला सर्वांत जवळची ही पद्धत. परंतु ती घर बांधतानाच घालावी लागते, उभ्या घरात भिंती फोडाव्या लागतात.

उभ्या घरासाठी बिनतारी माध्यमे उरतात. वाय-फाय सर्वांच्या परिचयाचे आहे; मात्र प्रत्येक बटण वाय-फायवर नेले, तर इंटरनेट कंपनीने दिलेला साधा राउटर दमतो. झिगबी ही कमी विजेवर चालणारी पद्धत २.४ गिगाहर्ट्झवरच, म्हणजे वाय-फायच्याच रस्त्यावर चालते. वाय-फाय १, ६ किंवा ११ या वाहिन्यांवर असेल, तर झिगबीची १५, २० किंवा २५ ही वाहिनी निवडल्यास धक्काबुक्की कमी होते. झिगबीत कायम विजेवर असलेल्या वस्तू इतरांचे निरोप पुढे पोचवतात, बॅटरीवरच्या वस्तू तसे करत नाहीत. म्हणून संवेदकांची गर्दी करण्याआधी मधल्या खोल्यांत विजेवरचे दोन-तीन प्लग बसवावेत. आरसीसीच्या भिंतींनी विभागलेल्या फ्लॅटमध्ये हे विशेष जाणवते.

झेड-वेव्ह पद्धतीची लहर देशागणिक बदलते: भारतात ८६५.२ मेगाहर्ट्झ, अमेरिकेत ९०८.४. अमेरिकेहून मुलगा-सून सुट्टीला येताना आवडीने आणतात त्या वस्तू येथे तीन ठिकाणी अडतात. लहर वेगळी, विजेचा दाब १२० ऐवजी २३० व्होल्ट, आणि बल्बचे बूड फिरकीचे, आपल्या होल्डरसारखे खिट्टीचे नाही.

ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या 'मॅटर' या समाईक मानकाने वेगवेगळ्या कंपन्यांच्या वस्तूंना एक बोली दिली आणि घरातल्या घरात नियंत्रण हे तत्त्व मुळातच स्वीकारले. ही प्रगती मोठी आहे. पण बोली एक झाली म्हणून काय बोलायचे ते ठरत नाही. नियम आपल्यालाच लिहायचे असतात.

५. बोर्डाच्या आत

स्वयंचलनाचे बहुतेक बेत बोर्ड उघडल्यावर अडखळतात. रिले मॉड्यूलला स्वतःला चालण्यासाठी फेज आणि न्यूट्रल दोन्ही लागतात. ज्या बोर्डात सॉकेट आहे तेथे न्यूट्रल आलेलाच असतो. जिन्यात किंवा बाथरूमबाहेर नुसत्या दोन बटणांचा बोर्ड असतो, तेथे बहुधा फक्त फेज येते आणि दिव्याकडे जाते. न्यूट्रलविना चालणारे स्विच मिळतात, पण ते आपली वीज दिव्यातूनच थोडी थोडी ओढतात. परिणामी बंद केलेला एलईडी मंद उजळत राहतो किंवा लुकलुकतो. दिव्याला समांतर छोटा कपॅसिटर जोडणे हा त्यावरचा उपाय. शेजारच्या वेगळ्या सर्किटचा न्यूट्रल उसना घेण्याचा मोह वायरमनलाही होतो. तो टाळावा, कारण मग विजेची गळती ओळखणारा आरसीसीबी विनाकारण पडत राहतो.

दुसरा प्रश्न दिवा स्मार्ट घ्यावा की बटण. स्मार्ट बल्ब घेतला आणि आजीने सवयीने भिंतीवरचे बटण बंद केले, की बल्ब मुका होतो. तो झिगबीचा असेल तर त्याच्यामार्फत निरोप पाठवणारे दोन संवेदकही मुके होतात. म्हणून आपल्या घरांत जुन्या बटणामागे रिले मॉड्यूल बसवणे श्रेयस्कर. बटण तेच, जागा तीच, आणि नियंत्रक बंद पडला तरी दिवा हाताने लागतो.

तिसरा प्रश्न पंख्याचा. परदेशी पुस्तकांत तो जवळजवळ नसतोच, आपल्याकडे मात्र दिव्याइतकाच महत्त्वाचा. जुन्या इंडक्शन पंख्यांना दिव्याचा डिमर लावला तर ते गुणगुणतात. त्यांच्यासाठी कपॅसिटरच्या पायऱ्यांनी गती बदलणारे मॉड्यूल घ्यावे. बीएलडीसी पंख्याचे गणित उलटे आहे: गतीचे नियंत्रण त्याच्या आतच असते, त्याला पूर्ण दाबाची अखंड वीज द्यायची आणि रेग्युलेटर काढून टाकायचा.

चौथा प्रश्न मोठ्या भाराचा. २ किलोवॅटचा गिझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर घेतो, ३ किलोवॅटचा १३. अशा भारासाठी १६ अँपिअरचे मॉड्यूल घ्यावे. पाण्याच्या मोटरची गोष्ट आणखी वेगळी, कारण सुरू होताना ती नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते आणि छोट्या रिलेचे टोक चिकटून बसते. चिकटलेला रिले म्हणजे बंद न होणारी मोटर. म्हणून मॉड्यूलने फक्त काँटॅक्टरची, म्हणजे मोठ्या भारासाठीच्या रिलेची, कॉइल चालवावी आणि मोटरचा भार काँटॅक्टरने उचलावा. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.

६. संवेदकांच्या मर्यादा

नियम कितीही चांगला असो, संवेदक खोटे बोलला तर क्रिया चुकते. संवेदक खोटे का बोलतो, याची कारणे त्याच्या भौतिकीत असतात.

हालचाल ओळखणारा नेहमीचा पीआयआर संवेदक खरे तर हालचाल पाहत नाही. पार्श्वभूमीपेक्षा वेगळ्या तापमानाचे काही सरकले, तर ते त्याला कळते. माणसाच्या त्वचेचे तापमान साधारण ३३-३४ अंश. थंड देशात भिंत २० अंशांवर असते आणि माणूस ठळक दिसतो. मे महिन्यात अकोल्यात किंवा चंद्रपुरात भिंतच त्या तापमानाला पोचते, माणूस आणि भिंत यांतला फरक पुसला जातो, आणि डिसेंबरात चोख चालणारा संवेदक उन्हाळ्यात आंधळा होतो. दोष वस्तूचा नाही, ऋतूचा आहे.

पर्याय म्हणून मिलिमीटर-लहरींचा रडार घेतात. तो श्वासाची हालचालही टिपतो, म्हणून पुस्तक वाचत बसलेला माणूस त्याच्या नजरेतून सुटत नाही. पण त्याला फिरणारा छताचा पंखा आणि वाऱ्याने हलणारा पडदासुद्धा माणूस वाटतो. उपाय एवढाच, की त्याची संवेदनशीलता पंख्याच्या अंतरापुरती कमी करावी किंवा त्याचे तोंड पंख्यापासून वळवावे.

टाकीची पातळी मोजायला ध्वनिलहरींचा संवेदक झाकणाखाली बसवतात. त्याला जवळचे दिसत नाही. जलरोधक प्रकारात पहिल्या २०-२५ सेंटिमीटरचे अंतर मोजताच येत नाही. काठोकाठ भरणाऱ्या टाकीत नेमकी तीच जागा महत्त्वाची. शिवाय ध्वनीचा वेग तापमानाबरोबर वाढतो: २० अंशांना सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, ४० अंशांना सुमारे ३५५. एक मीटर अंतर मोजताना दुपारी आणि पहाटे तीन-साडेतीन सेंटिमीटरचा फरक पडतो तो यामुळे. पातळीचा आलेख घरबसल्या पाहायला हा संवेदक उत्तम. 'टाकी भरली, थांब' हे सांगण्यासाठी मात्र पाण्यावर तरंगणारा साधा फ्लोट स्विचच विश्वासू.

७. नियम कसा लिहावा

नियम लिहिताना चार तत्त्वे पाळली तर बहुतेक तक्रारी उद्भवतच नाहीत.

पहिले, चालू आणि बंद यांच्या मर्यादा वेगळ्या ठेवाव्यात. 'टाकी ९० टक्क्यांच्या खाली गेली की मोटर चालू, वर गेली की बंद' असे लिहिले, तर एक बादली पाणी काढले तरी मोटर दचकून सुरू होईल. '३० टक्क्यांना चालू, ९० टक्क्यांना बंद' असे लिहिले, की मधल्या पट्ट्यात ती शांत राहते. हाच मधला पट्टा दिव्यांनाही हवा. जुलैत ढग एकदा येतात, एकदा जातात. उजेडाची एकच मर्यादा ठेवली तर दिवे ढगांबरोबर नाचतात.

दुसरे, घड्याळापेक्षा सूर्य धरावा. मुंबईत नोव्हेंबरच्या मध्यावर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनअखेर सव्वासातनंतर. शिवाय मुंबई आणि गडचिरोली यांच्या रेखांशांत सुमारे सात अंशांचा फरक आहे, म्हणजे सूर्याच्या वेळेत जवळजवळ अर्धा तास. दिवाळीतला आकाशकंदील 'साडेसहाला' लावण्याऐवजी 'सूर्यास्तानंतर दहा मिनिटांनी' लावला, की एकच नियम वर्षभर आणि राज्यभर चालतो.

तिसरे, हालचाल आणि हजेरी यांत गल्लत करू नये. अंघोळ करणाऱ्या माणसावर दिवा मालवणारी व्यवस्था या गल्लतीतून जन्मते. यावरचा तर्क सुबक आहे: दारावर चुंबकीय संवेदक आणि आत हालचालीचा संवेदक बसवावा, दार लागल्यानंतर आत एकदा जरी हालचाल दिसली, तरी दार पुन्हा उघडेपर्यंत माणूस आतच आहे असे समजावे. बंद खोलीतून माणूस दाराखेरीज जाणार कोठे? दोन सामान्य संवेदकांनी, महागडा तिसरा न घेता, प्रश्न सुटतो.

चौथे, माणसाच्या हाताला शेवटचा शब्द द्यावा. कोणी हाताने दिवा लावला तर किमान ठरावीक काळ तरी नियमाने त्यात ढवळाढवळ करू नये. पाहुणे हॉलमध्ये झोपले असताना, आजारी माणसाची रात्र जागताना, गौरी-गणपतीत मखराचे दिवे रात्रभर ठेवताना घर नेहमीसारखे वागत नाही. अशा दिवसांसाठी 'नियम स्थगित' असे एक साधे बटण देवघराजवळ किंवा दाराजवळ असावे. ते मोबाइलमध्ये लपलेले नसावे.

८. वीज गेल्यावर आणि आल्यावर

वीज जाते तेव्हाचा प्रश्न सोपा: सगळेच बंद असते. ती परत येते तेव्हाची पहिली पाच मिनिटे अवघड असतात. राउटर उठायला एक-दोन मिनिटे घेतो, नियंत्रक त्याहून जास्त, आणि रिले मात्र तत्काळ जागे होतात. तेव्हा ते काय करतात?

बहुतेक मॉड्यूलांत ही निवड दिलेली असते: बंद राहा, चालू हो, किंवा आधी होतास तसा हो. ती प्रत्येक वस्तूसाठी विचारपूर्वक करावी. मोटर आणि गिझर: बंद. फ्रिजचा प्लग: चालू. दिवे: आधी होते तसे. ही निवड न केल्यास रात्री तीनला वीज आल्यावर घरभर दिवे लखलखतात आणि स्वयंचलनावरचा कुटुंबाचा विश्वास एका रात्रीत उडतो.

नियंत्रकासाठी पुष्कळ जण रासबेरी पाय हा छोटा संगणक वापरतात. त्याच्या चौथ्या पिढीपर्यंत त्यात स्वतःचे घड्याळ नव्हते. वेळ तो इंटरनेटवरून घेतो. वीज आली पण इंटरनेट आले नाही, तर नियंत्रक चुकीच्या वेळेत जागा होतो आणि वेळापत्रके भरकटतात. अचानक वीज गेल्याने त्याचे मेमरी कार्डही खराब होते. घड्याळाचे छोटे मॉड्यूल, कार्डाऐवजी एसएसडी आणि राउटर-नियंत्रक दोघांसाठी इन्व्हर्टरची जोडणी, एवढ्याने हे दुखणे मिटते.

मोटरसारख्या वस्तूबाबत आणखी एक पथ्य. समजा, टाकी भरायला ३५ मिनिटे लागतात. मग कोणत्याही कारणाने मोटर ४५ मिनिटांहून जास्त चालू नये, ही अट नियंत्रकात न ठेवता रिलेच्याच आत घालावी. नियंत्रक मध्येच बंद पडला तरी ती लागू राहते. सुरू झाल्यावर पाच मिनिटांत पातळी चढली नाही तर खालची टाकी कोरडी आहे असे समजून ती थांबावी. आणि या सर्वांच्या वर, म्हणजे खरोखर टाकीच्या वरच्या टोकाला, काँटॅक्टरच्या तारेत थेट जोडलेला फ्लोट स्विच असावा. पाण्याचा लोट जिन्यातून खाली येणार की नाही हा निर्णय सॉफ्टवेअरवर सोडू नये.

९. कुलूप आणि खासगीपणा

२०१६ मध्ये 'मिराय' या कार्यक्रमाने कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच ठेवलेले लाखो कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले आणि २१ ऑक्टोबरला त्यांच्याच बळावर 'डाइन' या कंपनीवर हल्ला करून अमेरिकेतल्या अनेक मोठ्या संकेतस्थळांची वाट अडवली. त्या कॅमेऱ्यांच्या मालकांना याचा पत्ताही नव्हता. शिकवण थेट आहे: मूळ पासवर्ड बदलावा, या वस्तूंसाठी राउटरवर वेगळे वाय-फाय ठेवावे आणि बाहेरून घरात शिरण्याचे दार शक्यतो उघडूच नये.

खासगीपणाचा प्रश्न चोरापुरता नाही. स्वयंपाकघरातला कॅमेरा कामाला येणाऱ्या मावशींवर दिवसभर रोखलेला असतो. दारावरचा कॅमेरा शेजाऱ्यांचे येणे-जाणे टिपतो. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा घरगुती वापराला आपल्या कक्षेबाहेर ठेवतो. त्यामुळे येथे मर्यादा घालणे हे घरमालकाच्या सभ्यतेवरच येऊन ठेपते. दिवा लावायला कॅमेरा लागत नाही. ज्या कामाला दारावरचा चुंबक पुरतो, तेथे डोळा बसवू नये.

१०. सुधारणेची पद्धत

चालू व्यवस्था सुधारायची असेल तर नवी वस्तू घेण्याआधी जुन्या नोंदी वाचाव्यात. जवळपास प्रत्येक नियंत्रक घटनांची नोंद ठेवतो. त्यातून एकच प्रश्न विचारावा: स्वयंचलित क्रिया झाल्यावर मिनिटभरात कोणी हाताने ती किती वेळा उलटवली? नियमाने दिवा मालवला आणि लगेच कोणी तो लावला, तर ते त्या नियमाविरुद्ध पडलेले मत आहे. दोन आठवड्यांची मते मोजली की दोषी नियम आपोआप पुढे येतात.

मग एका वेळी एकच नियम बदलावा आणि पुन्हा मोजावे. तीन नियम एकदम बदलले, तर कशाने फरक पडला ते कळत नाही. महिनाभर ज्याच्यामुळे कोणाचे काही अडले नाही आणि कोणाचे काही सुधारलेही नाही, असा नियम काढून टाकावा. वापरात नसलेला नियम पुढे कधीतरी दुसऱ्या नियमाशी भांडतो.

वस्तूंची नावे जागेवरून आणि कामावरून द्यावीत: 'ओट्यावरचा दिवा', 'मागच्या दाराचा चुंबक'. 'स्विच ४' हे नाव सहा महिन्यांनी खुद्द बसवणाऱ्यालाही कळत नाही. नियमांची प्रत वेगळ्या ठिकाणी जपावी. आणि बोर्डाच्या आतल्या जोडणीचा कागद, मराठीत लिहिलेला, एमसीबीच्या पेटीत चिकटवावा, कारण बिघाड झाल्यावर प्रथम येतो तो वायरमन आणि त्याच्याकडे आपल्या नियंत्रकाचा पासवर्ड नसतो.

११. एक आक्षेप

या कसोटीवर आक्षेप असा घेतला जातो, की ती काहीही सांगो, या सगळ्या खटाटोपाने वीज तरी वाचते. तो हिशोब करून पाहावा. एक रिले मॉड्यूल स्वतः पाऊण वॅट घेत असेल, तर वर्षाला साडेसहा युनिट खाते. ९ वॅटचा एलईडी रोज एक तास कमी जळला, तर वर्षाला ३.३ युनिट वाचतात. म्हणजे वीज वाचवण्यासाठी दिव्याला मॉड्यूल लावणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे; ते सोयीसाठी किंवा म्हाताऱ्या माणसांच्या सुरक्षिततेसाठी लावावे आणि तसे मान्य करावे.

वीज वाचते ती मोठ्या भारांत. ७५ वॅटचा पंखा काढून ३० वॅटचा बीएलडीसी बसवला आणि तो रोज बारा तास चालला, तर वर्षाला सुमारे १९७ युनिट वाचतात, आणि त्यात स्वयंचलन काहीच नाही. एसीच्या तापमानात एक अंश वाढ केल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते असे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतो. म्हणूनच जानेवारी २०२० पासून नव्या खोलीच्या एसींचे मूळ तापमान २४ अंशांवर ठेवणे बंधनकारक झाले. रिकाम्या खोलीतला एसी आणि विसरलेला गिझर या दोन ठिकाणी मात्र स्वयंचलन आपला खर्च नक्की भरून काढते.

१२. उपसंहार

वरील विवेचनाची परीक्षा एका संध्याकाळी घेता येते. घरातल्यांना आधी सांगून राउटर बंद करावा आणि रात्रीचे जेवण होईपर्यंत तसाच ठेवावा. दिवे बटणांनी लागतात का, पंखा फिरतो का, जिन्यात उजेड पडतो का, पाहुण्याला काही समजावून सांगावे लागते का, हे पाहावे. मग नियंत्रकही बंद करून तेच पाहावे. जे अडेल त्याची यादी करावी. सुधारणेचे पुढचे काम त्या यादीत आहे.

त्या संध्याकाळी मोटर चालू असेल, तर मोबाइलवरचा पातळीचा आलेख गोठलेला दिसेल. तरीही टाकी काठापर्यंत आली की फ्लोट स्विच मोटर थांबवेल आणि पाइपातून थेंबही बाहेर पडणार नाही. तसे झाले तर घर नीट जोडले आहे असे समजावे.